उपाशी गोधडी

देश सोडायच्या दिवशी आमच्या बॅगांचं वजन कांद्याच्या काट्यावर झालं. अवसरी बुद्रुकला माझ्या माहेरच्या घरापुढं कांद्याची चाळ आहे, तिच्या तोंडाशी हा काटा कायम उभा असतो. दादा एकेक बॅग वर ठेवायचा, गोणी मोजल्यासारखा मोठ्यानं आकडा सांगायचा, आणि प्रत्येक आकडा विमानवाल्यांच्या नियमापेक्षा जास्त निघायचा. मग काढा. आधी पुस्तकं गेली, मग माझी रंगांची पेटी गेली, मग माझ्या नवऱ्याचे, संतोषचे, जाडजूड बूट गेले. शेवटी सगळ्यांची नजर गोधडीवर आली, कारण सगळ्यांत जड तीच. आई ओट्यावरून उठली आणि बॅगेवर हात ठेवून म्हणाली, "चटण्या काढा, लोणची काढा. गोधडी निघायची न्हाई."

निघाली नाही. लोणचं निघालं, जे मला खरं तर हवं होतं.

गोधडी आईनं सगळा उन्हाळा बसून शिवली होती. वडिलांची धोतरं, मामाचा गुलाबी फेटा, शीतलवहिनीची विटलेली साडी, माझा कॉलेजातला हिरवा ड्रेस, सगळं तिच्यात होतं. शेवटचा कोपरा तिनं निघायच्या दिवशी सकाळी शिवला. आमच्याकडं हा कोपरा नुसता शिवत नाहीत. आत भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि मग टाका घालायचा, त्याला गोधडीला घास भरवणं म्हणतात. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोपू देत नाही, असं आई सांगायची. मी लहानपणापासून हे इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकू येणंच बंद झालं होतं, आणि घोटाळा तिथंच झाला.

जीप आळेफाट्याला थांबली. आळे माझं सासर. सासूबाई फाट्यापर्यंत चालत येऊन उभ्या होत्या, त्यांनी हातावर दही घातलं, डोळे पुसले, आणि जीप माळशेजच्या रस्त्याला लागली. माझं रडायचं राहूनच गेलं. मला कधी एकदा निघतोय असं झालं होतं. मंचरच्या शाळेत चित्रकलेची तात्पुरती बाई म्हणून वर्षानुवर्षं काढली होती. कायम व्हायची वाट बघून बघून मीच आंबून गेले होते. संतोषला ऑस्ट्रेलियात दुधाच्या कारखान्यात मशिनं सांभाळायचं काम मिळालं तेव्हा त्याच्याआधी मीच हो म्हणाले.

तुम्ही जे मागं राहिलात त्या तुम्हाला वाटतं की परदेशाचा पहिला अनुभव म्हणजे उंच इमारती. माझा पहिला अनुभव म्हणजे कुत्रा. मेलबर्नच्या विमानतळावर पट्ट्यावरून बॅग उतरवली आणि एक तपकिरी कुत्रा येऊन तिच्यापाशी बसला. गुरगुरला नाही, हुंगलं आणि बसला. त्याला धरून असलेल्या पोरीनं विचारलं, आत खायचं काही आहे का. मी ठणकावून सांगितलं, नाही. मसाले मी विमानात भरायला दिलेल्या कार्डावर लिहिले होते, ते वेगळ्या बॅगेत होते, या बॅगेत कपडे आणि पांघरूण. तिनं बॅग उघडली, गोधडी टेबलावर पसरली, कडेकडेनं बोटं फिरवली आणि कोपऱ्यापाशी थांबली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आता इंग्रजीत काय सांगणार? मी म्हणाले, हे ब्लँकेटनं खाल्लंय. तिनं मला तेच पुन्हा सांगायला लावलं. संतोषनं मान खाली घातली. हसतोय की लाजतोय कळेना. पोरगी वाईट नव्हती हो. तिनं समजावलं की बाहेरचं धान्य इथल्या शेतीला घातक ठरू शकतं, आणि छोट्या कात्रीनं आईचे टाके एकेक करून कापले. भाकरीचा वाळका तुकडा चिमट्यानं काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. इथल्या मातीत पाय ठेवण्याआधीच माझ्या गोधडीच्या तोंडचा घास गेला. आईला कळवलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

आम्ही राहतो ते गाव मेलबर्नपासून लांब आहे. भोवती नासपतीच्या बागा, टोमॅटोची शेतं, कालवे. म्हणजे बघा, नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारापासून पळाले ते टोमॅटोच्याच गावात येऊन पडले. पहिली काही वर्षं पॅकिंग शेडमध्ये नासपती निवडल्या. नारिंगी जॅकेट, कानात आवाज बंद करायची बोंडं, पुढून सरकणारी फळं, आणि पाळ्यांचा रोस्टर आला की लेकीचा स्कूल रन, म्हणजे शाळेत ने-आण, कोण करणार यावरून संतोषशी रोजचा वाद. तिथं कुणी विचारलं की तू आधी काय करायचीस, तर मी आर्ट टीचर म्हणायचे आणि ते 'ओ, नाइस' म्हणून पुढची पेटी ओढायचे.

बाकी काही कमी नव्हतं, पण जिवाला स्वस्थता नव्हती. भाड्याची घरं बदलली. एका घरात पलंगाची दिशा इतक्या वेळा बदलली की जमिनीवर चरे पडले आणि मालक चिडला. सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून कालव्याच्या कडेनं चालत सुटायचे, कुठं जायचंय ते ठरलेलं नसायचं. संतोष म्हणायचा, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. ऋतूही साथ देईनात. इकडं दातावर दात वाजतायत, तिकडं आई फोनवर आषाढ लागल्याचं सांगतेय. दिवाळीचा फराळ करावा तर घामानं चिवडा सादळतो की काय वाटतं. अंगाला एक महिना माहीत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दुसराच, माणूस किती दिवस असं काढणार?

गोधडी पांघरायचोच. उघडा कोपरा मी नेहमी पायाकडं घ्यायचे. मग एका हिवाळ्यात शेडचं काम कमी झालं तेव्हा तिच्या पाठीला नवा थर जोडायला घेतला. माझं फाटलेलं नारिंगी जॅकेट, संतोषचे कारखान्याचे निळे शर्ट, लेकीचा लहान झालेला युनिफॉर्म. एका बाजूला अवसरी, दुसऱ्या बाजूला इथलं. धावदोरा घालत घालत त्या कोपऱ्यापाशी आले की हात थांबायचा. नुसता शिवून टाकवेना, आणि आत काय घालावं तेही सुचेना. राहू दे म्हटलं, उद्या बघू. असे पुष्कळ उद्या गेले.

आमच्या गावात एक छोटं कलादालन आहे. दालन कसलं, जुन्या गोदामातली एक खोली. जागा अपुरी म्हणून ते दर ऋतूला ऑनलाइन प्रदर्शन भरवतात: रिजनल कलाकारांचं नवीन काम. इथं मेलबर्न सोडून बाकी सगळं रिजनल. आपल्याकडं पुणेवाले तोंड वाकडं करून ग्रामीण म्हणतात, तसंच. जन्मभर ग्रामीण होते, एवढा समुद्र ओलांडून इंग्रजीतनं ग्रामीण झाले! पण घ्या, याच शब्दानं मला दार उघडलं. दालन बघणाऱ्या हेलनबाईंना मी गोधडीचे फोटो पाठवले आणि त्यांनी हिवाळ्याच्या प्रदर्शनात ती घेतली. वर सांगितलं की हिवाळ्यातलं एक काम वसंतात त्या खोलीच्या खऱ्या भिंतीवर लागतं, आणि तुझं लागेल असं मला वाटतं. मी त्या दिवशी कालव्यावर अक्षरशः पळाले. तात्पुरती बाई, पॅकिंगवाली बाई, आणि आता भिंतीवर नाव लागणार होतं. मला ती भिंत हवी होती. भुकेल्यासारखी हवी होती, लपवून काय करू?

हेलनबाईंनी फोटोखाली चार ओळी लिहिल्या. त्यांना सगळ्यांत आवडला तो उघडा कोपरा. स्थलांतराची न भरलेली जखम, मुद्दाम अपूर्ण ठेवलेली, असं काहीसं. मी मुद्दाम काही ठेवलं नव्हतं. पण कौतुक कुणाला नको असतं? मी गप्प बसले आणि लिंक घरच्या ग्रुपवर टाकली.

तिकडं श्रावणी सोमवार होता. दादा गाडीत भाविक भरून भीमाशंकरला गेलेला, आणि मोठ्या पडद्याचा फोन त्याच्याकडं. रेंज गेली की दादा सापडत नाही. मामानं अभिनंदनाची फुलं पाठवली, सासूबाईंनी आळ्याहून हात जोडलेलं चित्र पाठवलं, पण जिच्यासाठी लिंक टाकली तिच्याकडून काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. शीतलवहिनीनं तिला इंग्रजी ओळी मराठी करून वाचून दाखवल्या होत्या आणि फोटो बोटांनी मोठा कसा करायचा तेही दाखवलं होतं. आईनं मामाचा फेटा बघितला नाही, माझं नारिंगी जॅकेट बघितलं नाही. तिनं थेट कोपरा गाठला.

"वैशे, हिचा घास कुठं गेला?"

मग सांगावंच लागलं. कुत्रा, पोरगी, कात्री, पिशवी. मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या घालेल. तिनं आधी वहिनीला मागचा मिक्सर बंद करायला सांगितलं. मग म्हणाली की म्हणूनच तू फोनवर बोलता बोलता घरभर फिरत असतीस, तुझा आवाज एका जागचा येत न्हाई. एवढ्या वर्षांत हे संतोषलाही कळलं नव्हतं. मी म्हटलं, आई, लोकांना तो उघडा कोपराच आवडलाय, त्याच्यामुळंच मला भिंत मिळणार आहे. त्यावर ती म्हणाली, लोकांना काय जातंय, लोकांना ती पांघरायची न्हाई.

आणि मग तिनं ते सांगितलं जे मला माहीतच नव्हतं. लेकीला सासरी द्यायची गोधडी माहेरचा घास घालून देतच नाहीत. कोपरा उघडा ठेवून देतात. ज्या घरात ती पसरायची त्या घरचा घास तिच्या पोटात जायला हवा. माझ्या लग्नातली गोधडी तशीच गेली होती, आळ्याला सासूबाईंनी त्यांच्या चुलीवरचा तुकडा घालून ती शिवली होती. लग्नाच्या गडबडीत मला पत्ताही नव्हता.

"ही मात्र मीच भरून दिली," आई म्हणाली. "म्हनलं, तिकडं कोन हाय घास घालायला? माझंच चुकलं, पोरी. त्या कुत्र्याचं न्हाई. तिथली सासू बी आता तूच आन् सून बी तूच. तुमी जे खाता ते घाल, आन् शिव."

फोन ठेवल्यावर मी हेलनबाईंना विचारलं की कोपरा शिवला तर चालेल का. त्यांनी प्रेमानं सांगितलं की निवड फोटोवरून होते, आणि कोपरा बंद झाला तर ते काम ते राहत नाही. वसंतापर्यंत थांब, भिंतीवरून उतरली की शिव. सरळ सोपा मार्ग होता. एवढी वर्षं उपाशी होती, अजून थोडे दिवस काय? मी स्वतःला हेच समजावत कालव्याच्या कडेनं फिरून आले. पुन्हा गेले. पुन्हा आले. तात्पुरती बाई म्हणूनही मला हेच ऐकवायचे, यंदा थांबा, पुढच्या वर्षी बघू.

घरी आले तेव्हा ओट्यावर लेकीच्या डब्यातली उरलेली चपाती होती. पीठ इथल्याच गव्हाचं, गावाबाहेरच्या शेतात पिकतो तो. तुकडा तोडला, कोपऱ्यात सारला आणि दोरा ओवला. आईचे कापलेले टाके अजून तसेच लोंबत होते, ते काढले नाहीत, त्यांच्यावरूनच शिवलं. हेलनबाईंना तसं कळवलं आणि भिंत हातची गेली. वसंतात तिथं धान्याच्या कोठारांचे कुणाचे तरी मोठाले फोटो लागले. चांगले होते. मला तरी राग आलाच, आणि अजून येतो. प्रदर्शनाचं पान कायम राहतं म्हणे, त्यामुळं इंटरनेटवर माझी गोधडी जन्मभर उपाशीच राहणार आहे. लोक तिचं कौतुक करतात. घरातल्या गोधडीवर लेक पाय पसरून टीव्ही बघते.

मी शांत झोपायला लागले असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं काही नाही. भिंगरी आहेच. एवढं मात्र झालं, त्यानंतर पलंग हलवलेला नाही.

डिसेंबरात अवसरीला जाऊन आले. शेजारच्या बायकांनी दारातच "पावणं आलं" म्हणून हाक घातली. पूर्वी हा शब्द मला टोचायचा, या वेळी पाहुणीसारखा बसून चहा घेतला. निघायच्या दिवशी पुन्हा कांद्याचा काटा, पुन्हा दादाचा आकडा, पुन्हा लोणचं बाहेर. आईनं लेकीसाठी लहान गोधडी शिवली होती. बॅगेत ठेवताना तिनं मला कोपरा दाखवला, उघडा.

मेलबर्नला तोच पट्टा, तसाच एक कुत्रा. माझ्या बॅगेपाशी आला, हुंगलं, आणि पुढं निघून गेला. तपासणीवाल्या माणसानं तरी गोधडी उलगडली, त्या कोपऱ्यात बोट घातलं आणि विचारलं, यात खायचं काही?

"अजून नाही," मी म्हटलं, "घरी गेल्यावर."