कढीपत्त्याला गेलेलं पाणी

माझे सासरे अंबरनाथच्या एका कारखान्यात पाण्याच्या फिल्टर प्लांटवर फिटर होते. निवृत्तीनंतरही नळ, मोटार, टाकी यांबद्दल कुणी काही चुकीचं बोललं की त्यांचं डोकं फिरायचं. अशा माणसाची गेल्या वर्षी लघवीच अडली. प्रोस्टेट वाढून वाट चेपली गेलीय, असं डॉक्टर म्हणाले. नळी घातली, मांडीला पिशवी बांधली, आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. मग नळी काढून बघायचं. आपली आपण झाली तर ठीक, नाहीतर पुन्हा नळी आणि पुढे ऑपरेशन. ऑपरेशनला बाबा जाम घाबरले होते.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून सगळं दाखवलं होतं. बदलापूर गावातल्या आमच्या घरी आल्यावर बाबांनी तेच मला समजावलं, आणि आजारपण विसरून असे रंगले! "मुठीएवढ्या दोन किडन्या, बाय. दिवसाला दीडशे लिटरच्या वर पाणी रक्तातनं गाळतात, नि कामाचं सगळं परत रक्तात सोडतात. बाहेर टाकतात किती? दीड-दोन लिटर! आमचा फिल्टर सारखा उलटा धुवायला लागायचा. ह्यांना सत्तर वर्षं कुणी हात नाय लावला." मी थक्कच झाले. रोज उठून बाथरूमला जातो, पण या बिचाऱ्यांची कधी आठवण तरी काढली का?

नवरा सकाळी सातलाच कामाला निघतो, म्हणून पिशवी रिकामी करायचं माझ्याकडे आलं. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणी आलं की पिशवीवर टॉवेल, मी वाकले की भिंतीकडे तोंड. तिसऱ्या दिवशी पिशवीत जेमतेम कपभर, तेही कोऱ्या चहासारखं. मी हादरलेच.

"बाबा, पाणी पिताय ना?"

"पितो की."

ग्लास तर रिकामा होता. मग त्यांच्या उशाशी असलेल्या खिडकीतल्या कढीपत्त्याकडे लक्ष गेलं. कुंडीत नुसता चिखल, पानं पिवळी पडलेली.

असा संताप आला! "प्लांटला पाणीच नाही सोडलं तर फिल्टर काय डोंबल गाळणार?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाले, "तुला किती वेळा हे उपसायला लावू, बाय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी आवाज चढवूनच म्हटलं, "दहा वेळा उपसेन. प्या आधी." आणि समोर बसून ग्लास संपवायला लावला. पुढचे दिवस रोज तसंच.

नळी काढली त्या दिवशी उल्हासनगरच्या दवाखान्यात आम्ही सकाळपासून बाकावर होतो. चारपर्यंतची मुदत. मापाच्या खुणांचा मग घेऊन बाबा तीनदा आत गेले, तीनदा कोरडा मग घेऊन परत आले. चेहरा पार उतरला होता. चौथ्यांदा गेले तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. पाण्याचा आवाज ऐकला की होते म्हणतात, म्हणून मी बाहेरच्या बेसिनचा नळ सोडला. देवा, एकदाची होऊ दे रे, एवढंच मनात.

दार उघडलं. पिशवीवर टॉवेल टाकणारा माझा सासरा भरलेल्या बाकांसमोर मग उंच धरून उभा!

"बाय, अडीचशे! आपली आपण!"

मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? तो नळ बंद कर आधी, फुकट चाललंय पाणी," ते खेकसले. "आणि मला एक ग्लास आण. भरून."