लेकीच्या परसातल्या फेऱ्या

मी जात्याच संशयी. दूधवाल्याने माप भरून दिलं तरी पातेलं उजेडात धरून बघायची. त्यामुळे लेक दहावीत गेली आणि तिची लक्षणं बदलली, ते महाडच्या आमच्या आळीत सगळ्यांत आधी मलाच दिसलं.

सकाळी तिचे डोळे लाल. “झोप नाही का लागली गं?” म्हटलं की वस्सकन अंगावर यायची. पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत मिटायचं. मग परसात जायची, विहिरीपाशी जरा वेळ उभी राहायची आणि परत यायची ती इतकी शांत, की स्वतःहून भांडी विसळायला घ्यायची. दिवसातून चार-पाच फेऱ्या. परसाला लागून शेजाऱ्यांची खोली होती आणि तिथे डी.एड. करणारा एक भाडेकरू राहायचा. आणखी काय पुरावा हवा होता मला?

हे पोलादपूरला तहसील कचेरीत, सकाळच्या एसटीने जायचे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “तुला साप म्हणून भुई धोपटायची सवयच आहे.” मग मीच कंबर कसली. दप्तर झाडलं, वह्या चाळल्या, कंपासपेटी उपडी केली. काही मिळालं नाही. पोरगी पक्की आहे, असं मी ठरवलं. शेजारणीच्या कानाला लागले आणि महिन्याभरात भाडेकरूला खोली सोडावी लागली. जाताना त्याने मला नमस्कार केला. मला तेही ढोंगच वाटलं.

त्याच दिवसांत माझी मशेरी लवकर संपायला लागली. मी तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी चहाआधी बोटाने दातांना लावायची. त्याशिवाय माझं डोकं चालत नसे. आळीतल्या निम्म्या बायकांचं तसंच. डबी अर्धी दिसली की मी भांडीवालीवर डोळे वटारायची. ती बिचारी म्हणायची, “माझी हाय की माझ्या कनवटीला. तुमची कशाला घेऊ, वैनी?”

भाडेकरू गेला तरी लेकीच्या फेऱ्या चालूच. म्हणजे आता परसाच्या दगडी गडग्यापलीकडे येऊन उभा राहत असणार मेला! परीक्षेला दोन महिने उरले होते. वर्ष वाया जाईल या धास्तीने मी तिला दासगावला नणंदेकडे नेऊन ठेवलं. नणंदेच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा चालत नसे.

तिसऱ्या दिवशी नणंदेचा दुकानातून फोन. “वैनी, पोरीचं काय खरं नाय. डोकं धरून बसते, जेवत नाय, काल ताट आपटलंन.”

विरह, दुसरं काय! चोर सापडल्याचा मला आनंदच झाला, आज सांगायची लाज वाटते. दुपारच्या गाडीने गेले. काय काय सुनवायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं.

ती पडवीत बसली होती. हात थरथरत होते. तिला बघून माझं सगळं घोकलेलं विरघळलं. शेजारी बसले, आवाज मऊ केला. “सांग बाळा, कोण आहे तो? मी मारणार नाही.”

“कोण तो?” ती बघतच राहिली. मग हमसून रडायला लागली. रडता रडता तिचा हात माझ्या कमरेशी आला, गावाला जाताना मी मशेरीची डबी खोचते तिथे.

“आई, थोडी दे ना. एकदाच. मग अभ्यास करते.”

आदल्या पावसाळ्यात तिची दाढ ठणकत होती. डॉक्टरकडे न्यायचा कंटाळा म्हणून मीच आठवडाभर तिच्या दाढेवर मशेरी दाबत होते. “बघ, कसं बरं वाटेल,” असंही म्हणत होते.

मी डबी परड्यातल्या खताच्या खड्ड्यात भिरकावली. “आजपासून मीही सोडली,” म्हटलं, आणि तिच्यासोबत तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं फुटायला आलं. हात थरथरत होते. चहा पांचट झाला म्हणून मी लेकीवर वस्सकन ओरडले.

तिने कप खाली ठेवला, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्याच आवाजात विचारलं, “सांग आई, कोण आहे तो?”