बिनपदराची राणी

माझी बायको सिडनीत वेस्टमीडला हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायची आणि घरी आली की पुन्हा भिंगाला. घरी त्या भिंगाखाली कॅनडाचे जुने सेंट असायचे. तिची एक सहकारी कॅनडाला परत गेली, तेव्हा हे ओझं कुठे नेऊ म्हणत तिने बिस्किटांच्या डब्यात भरलेली आजोबांची नाणी हिला देऊन टाकली होती.

मी पुण्यात मुद्रितशोधन करायचो. इथे आल्यावर एका लायब्ररीत लागलो. नाण्यांत मला फारसा रस नव्हता, पण ती दोन नाणी माझ्यापुढे सरकवायची. "हे बघ, या राणीला पदर आहे. आणि हिला नाही."

त्या सेंटवर तरुण राणीचा चेहरा आहे आणि खांद्यावर गाऊनची घडी. पहिल्या ठशात ती घडी नीट उमटत नव्हती, म्हणून टाकसाळीने ठसा सुधारला. तरी १९५५ साली थोडी नाणी जुन्याच ठशावर निघाली, आणि तीच आता दुर्मीळ आहेत. इंग्रजीत त्यांना 'नो शोल्डर फोल्ड' म्हणतात. आमच्या घरात ती बिनपदराची.

"सासू नसणार तिला," ती म्हणायची. "नाहीतर कुणीतरी पदर सावरायला लावला असता."

"लावलाच की नंतर."

डब्यात तिला १९५५चं एक बिनपदराचं नाणं सापडलं. ते घेऊन आम्ही आमच्या भागातल्या कॉइन क्लबात गेलो. क्लबचे अध्यक्ष म्हातारे, दिलखुलास गृहस्थ. त्यांनी नाणं दिव्याखाली तिरपं धरून पाहिलं आणि तिच्या तळहातावर परत ठेवलं.

"सॉरी, लव्ह. घडी होती, झिजून गेलीय. दर महिन्याला कुणीतरी असं एक आणतंच."

"झिजलेली नाही. नव्हतीच," ती म्हणाली.

"ते कशावरून सांगणार?"

तिने नाणं मुठीत घेतलं. परतताना गाडीत म्हणाली, "स्लाइडवर पेशी बघितली की कळतं ना, तसं कळतंय रे मला. पण त्यांना दाखवू काय?"

पुढे तिचं आजारपण आलं आणि डबा कपाटात गेला. शेवटी शेवटी एकदा, मी उशी नीट करत असताना, मध्येच म्हणाली, "ती बिनपदराचीच आहे हां."

ती गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भारतातून आलेली माणसं परत गेली, आणि एका रविवारी सकाळी मी तो डबा काढला. ती बरोबर होती की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. तिचं भिंग घेतलं. राणीचा खांदा गुळगुळीत होता. झिजला असता तरी तसाच दिसला असता. पुढचे कितीतरी रविवार मी त्या खांद्याकडे बघत बसलो आणि मला काहीही कळलं नाही.

मग एकदा, जुन्या सवयीने, मी नाण्याच्या कडेने फिरणारी अक्षरं वाचायला लागलो. डीईआय या लॅटिन शब्दातला आय वर आणि खाली पसरट होता, बेलबॉटम पँटसारखा. डब्यातलं साठ सालचं, पदर असलेलं नाणं घेतलं. त्यावरचा आय सरळसोट, काठीसारखा. छपाईत आयुष्य गेलेल्या माणसाला यावर विचार करावा लागत नाही. टाइप बदलला म्हणजे आवृत्ती बदलली. टाकसाळीने पदर कोरला तेव्हा अक्षरंही नव्याने कोरली होती.

पण नुसत्या अंदाजावर मी कधी प्रूफ सोडलं नाही. डब्यात १९५३चा एक कोरा करकरीत सेंट होता, पहिल्या ठशाचा, पदर नसलेला. झिजण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचा आय पाहिला. बेलबॉटम. मग पदर स्पष्ट दिसणारी होती नव्हती तेवढी सगळी नाणी टेबलावर मांडली. सगळ्यांचे आय सरळ. आणि तिचं १९५५चं नाणं पुन्हा भिंगाखाली घेतलं. नाणं झिजलं की अक्षर सगळीकडून सारखं बसतं, नुसतं दोन्ही टोकांना फुलत नाही; आणि हिचा आय तर बेलबॉटमच होता. मी खुर्चीतून उठलो आणि घरभर फिरलो. सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मोठ्याने म्हणालो, "अगं, तुझंच खरं."

क्लबच्या पुढच्या सभेला मी तिन्ही नाणी नेली. अध्यक्षांनी ओळखलं. तिच्याबद्दल ऐकून त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मग नाणं बघून हळूच म्हणाले, "मेट, हे आपण आधी पाहिलंय."

"खांदा बघू नका. आय बघा."

त्यांनी आधी साठ सालचं पाहिलं, मग त्रेपन्नचं, मग तिचं. मग चष्मा पुसून पुन्हा तिचं. ते खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"मी चुकलो होतो," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "ती बरोबर होती. या क्लबात आलेलं हे पहिलंच."

सगळे टेबलाभोवती जमले, भिंग हातोहात फिरायला लागलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी तिथे ताठ उभा होतो, तिचा सत्कार तिच्या वतीने घेतल्यासारखा.

"या घडीला ती तेव्हा तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाली होती," अध्यक्ष म्हणाले.

"पदर."

"पडार," त्यांनी म्हणून पाहिलं. नाणं ठेवायच्या कार्डावर साल लिहिलं आणि त्याखाली ठळक इंग्रजी अक्षरांत 'नो पडार'. स्पेलिंग साफ चुकलं होतं. पेन माझ्या खिशातच होतं. मी ते काढलं नाही.