फोटोत दूर उभा माणूस

सातवीत शाळा सुटली. आता घरापासून लांब, गडचिरोलीच्या जंगलात, निसर्गाचे फोटो काढणाऱ्या साहेबांकडे आहे. झाडांची उंची कळावी म्हणून ते मला दूर झाडांखाली उभं करतात आणि स्वतः टेकडीवर उजेडाची वाट बघतात. एकदा धुक्यात मागे काहीतरी खसखसलं. वाघ असेल या भीतीनं पळावंसं वाटलं, पण हललो तर फोटो बिघडणार, कामही जाणार. निघाले एक म्हातारबा, बैल शोधत आलेले.

"एकटा काऊन उभा हायेस गा?"

"फोटोत माणूस लहान दिसावा म्हणून."

"लहान दिसाले इतक्या दूर आला?" ते हसले. मी अजून झाडीकडेच बघतोय हे पाहून म्हणाले, "उभा राह्य. मी हावो इथी." मग वारुळाआड बसून उजेड येईपर्यंत बैलाच्या खोड्या सांगत राहिले. इथं आल्यापासून माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं.

फोटो चांगला आला. त्यात मी एकटाच आहे.