इनास मेस्त्रींची सही

दोन वायरमन भेटले की तिसऱ्या वाक्याला कोणाला तरी शॉक बसलेला असतो! माझ्याकडेही किश्शांना तोटा नाही. सत्तरच्या दशकात वसईच्या गावांत घरोघर वीज येत होती आणि मी इनास मेस्त्रींच्या हाताखाली शिकत होतो. वायरमनच्या परीक्षेला बसायचं तर अनुभवाच्या दाखल्यावर लायसन्सवाल्या मेस्त्रीची सही हवी. मेस्त्री सहीच करेनात. तीन वर्षं एकच उत्तर, "घाई काय आहे? घाईचं वायरिंग जळतं!"

*

अर्नाळ्याला एका कोळीणबाईंच्या बिनखिडकीच्या खोलीत आम्ही पहिला बल्ब लावला. लख्ख उजेड पडला आणि बाई कडाडल्या, "माजी भिंत काळी केली तुमच्या बल्बानं! सकाळी चांगली होती!"

चुलीचा वर्षानुवर्षांचा धूर त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला होता. मेस्त्री वाद घालणाऱ्यांतले नव्हेत. दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन मी हजर!

*

मेस्त्रींचा नियम होता, शिडीवर चढण्याआधी घराचा मेन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. म्हणजे खाली कोणी चुकून वीज सुरू करायला नको. एका शनिवारी तो परत लावायलाच विसरले. रविवारी चर्चमध्ये मिस्साला तीच पँट. दानाची थैली समोर आली, मेस्त्रींनी डोळे मिटूनच खिशात हात घातला आणि हाताला लागलं ते टाकलं.

मिस्सा संपल्यावर फादर फ्यूज हातात घेऊन दारात उभे. "इनास, कोणाच्या घरचा उजेड दान केलास?"

*

माझेही पराक्रम होतेच. एका घरी दारावरच्या घंटीची आणि अल्तारावरच्या, म्हणजे देव्हाऱ्यातल्या, दिव्याची वायर मी उलटसुलट जोडली. पाहुण्यानं बटण दाबलं की घंटी गप्प आणि येशूसमोरचा दिवा लागे! सही आता आणखी लांबली, हे नक्की. शिडी लावायला धावलो, तर घरच्या आजी म्हणाल्या, "रावदे रे. कोन आलं ते देवालापन कळूदे."

*

शेवटी मेस्त्रींनी मला स्वतःच्या घराचं वायरिंग दिलं. हो, गावाला उजेड देणाऱ्याच्या घरी अजून कंदील होता! "एकट्यानं कर. मी बघणारही नाही," म्हणाले. चार दिवस जीव ओतून काम केलं.

पाचव्या दिवशी मेस्त्री खुर्चीत बसले, दाखला मागून घेतला आणि सही ठोकली.

"मेस्त्री, आधी मेन स्विच टाकून बघा तरी!"

"टाक."

टाकला. बल्ब ढिम्म! मी स्विच खालीवर करत राहिलो. मेस्त्री मात्र शांत. "गावातच वीज गेलीय. तुझं काम चोख आहे."

मला भरून आलं. तीन वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. न तपासता एवढा विश्वास!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मेस्त्रींची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "चोख असनारच! तू घरी गेलास की हा रोज शिडीवर. सगळे जॉइंट सोडून बघायचा आनि होते तसे परत बांधून ठेवायचा!"

मेस्त्रींनी मान वर केली नाही. दाखल्यावर फुंकर मारत म्हणाले, "शाई वाळू दे."