ढोल्या आणि कूलरचं तोंड

इथे कोईमतूरला आज खोलीत कूलर लावला. उद्यापासून कारखान्यात नव्या मशीनवर बसायचंय, त्याची धास्ती होतीच. पण कूलरच्या गवतावर पहिलं पाणी पडलं आणि तो ओला वास मला थेट धुळ्याला, देवपुरात, माझा दोस्त रफिकच्या घरी घेऊन गेला.

नववीतच माझी शाळा सुटली होती. दोस्तांबरोबर उरला होता तो फक्त मोबाईलवरचा राक्षसांच्या लढाईचा खेळ. जळगावच्या स्पर्धेसाठी गल्लीच्या टीममध्ये एकच जागा बाकी होती, आणि तिच्यासाठी रफिक आणि मी समोरासमोर बसलो होतो. त्याचा राक्षस वाऱ्यासारखा पळायचा. माझा ढोल्या पाठीवर दगड वाहणारा, एकेका पावलाला दम खाणारा, पण फटका जबर. माझा जुना मोबाईल तापला की अडकायचा. त्यावर चपळ राक्षस चालायचेच नाहीत.

"म्हैस आणली रे यानं!" पोरं हसली.

मार खाऊन खाऊन ढोल्याचा जीव संपत आला. मोबाईल हाताला चटके देऊ लागला, ढोल्या जागीच अडकला. तेवढ्यात रफिकनं पायानंच कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं. स्क्रीनवर थेंब उडाले, मी चिडलो.

"घाबरू नको भाऊ," तो म्हणाला, "तुना ढोल्या उभा शे ना आजून?"

थोड्या वेळात ढोल्या पुन्हा हलला आणि पुढच्याच फटक्यात त्यानं रफिकच्या राक्षसाला आडवं केलं. जळगावला मी गेलो.

तेव्हा वाटलं, त्याला मला गोंधळात पाडायचं होतं. आज कूलरसमोर हात धरला आणि कळलं, तो माझा मोबाईल थंड करत होता. त्याच्या वाट्याला मात्र वारा उरला नव्हता.