पेन्सिलीने लिहिलेलं मरण

“आपल्याले काय करा लागते?” असं म्हणून काका हातातला पाना ओट्यावर एकदा ठोकायचे. विषय संपला.

ते फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. अल्लीपूरच्या अलीकडे आमचं गाव. शाळेच्या रस्त्यावर त्यांचं एका खोलीचं घर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मी शाळेत शिकवते आणि गावाची मतदार यादी सांभाळते. नवे चढवायचे, गेलेले उतरवायचे. मला याद्या आवडतात. किराण्याचीसुद्धा मी क्रमांक घालून करते.

राजकारणाशी देणंघेणं नाही म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यातली बरीच, कुणी विषय काढतो का याची वाट बघत असतात. काका तसे नव्हते. निवडणूक संपली की ते सगळ्या पक्षांचे फ्लेक्स आणून छपराखाली ताणून बांधत, छापील बाजू खाली. खोलीत बसलं की वरून आठ-दहा पुढारी हात जोडून आपल्याकडे बघत. मला तिथे चहा गोड लागत नसे.

“यायच्यानं एक काम होते बाई,” ते म्हणत. “पानी गळत नाई.”

ग्रामपंचायतीच्या वेळी दोन्ही बाजूंनी विचारलं, मत कोणाला? “पंपाले वायसर लावून राह्यलो,” एवढंच उत्तर दोघांनाही मिळालं.

एकदा मी पडताळणीला गेले.

“काका, आधार कार्ड दाखवा.”

“मले मयत लिहून टाका.”

“असं लिहिता येत नाही.”

“काऊन? मेल्याच्या दारात कोनी हात जोडत येत नाई. पयले लिहा, मंग कार्ड.”

बारा घरं बाकी होती. मी वहीत फिकट पेन्सिलीने ‘मयत’ लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान डोलावली आणि कार्ड दिलं. घरी जाऊन खोडायचं, अशी टीपही मी वहीच्या शेवटच्या पानावर केली.

ते पान मी पाहिलंच नाही. तहसीलला द्यायची नक्कल करताना पेन्सिलीचा शेरा माझ्याच हाताने शाईचा झाला आणि काकांचं नाव यादीतून उतरलं.

मतदान लांब होतं, तरी प्रचार सुरू झाला. यादी घेऊन फिरणारी माणसं शेजारच्या दारात थांबत आणि काकांचं दार सोडून पुढे जात. काका खूश. “पाह्यलं बाई? एक नाई आला!”

पण आमच्या गावात लग्नाच्या पत्रिकाही मतदार यादीवरूनच लिहितात, घर सुटू नये म्हणून. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एकही पत्रिका आली नाही. हनुमंताच्या भंडाऱ्याचं बोलावणं आलं नाही. तरी ते गेले, पंगतीत बसले. भाजीवाला त्यांच्यापर्यंत आला आणि पुढच्या पत्रावळीवर वाकला. भातवाला तसाच. मी समोर बसले होते. शेवटी ओरडले, “अहो, काकांना वाढा!”

वाढणारा दचकला. “अरे बाप्पा! कवापासून बसले तुमी? दिसलेच नाई.”

तो थट्टा करत नव्हता. हे मला अजून टोचतं.

पुढे लोक पंप ओट्यावर ठेवून जात, दुरुस्त झालेले घेऊन जात. हाक कुणीच मारत नसे. एका दुपारी काका शाळेत आले. आयुष्यात पहिल्यांदा.

“बाई, मी आहो ना?”

मी सगळं सांगितलं. “चूक माझी आहे, काका.”

“लिहाले तं मीच लावलं.” त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. “नाव चढवा. मत देतो मी. कोनालेबी देतो.”

अर्ज भरला. भिंतीपुढे उभं करून फोटो काढला.

“किती दिवस लागन?”

“महिना, दीड महिना.”

“तवरक काय करू?”

अशासाठी यादीत रकाना नसतो. मी म्हणाले, “रोज शाळेवरून जा. मी हाक मारीन.”

तसं सुरू झालं. मुलांची हजेरी झाली की मी खिडकीतून हाक द्यायची, “काका!” फाटकातून उत्तर यायचं, “आहो!” कितीतरी दिवस एकही खाडा नाही.

मग एका सोमवारी उत्तर आलं नाही. त्यांच्या घरी जाऊन दार उघडून पाहिलं तर काका खाटेवर, झोपेतच गेलेले. भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी म्हणाला, “मले वाटलं, ते कवाचेच गेले.”

पुढच्या आठवड्यात पुरवणी यादी आली. नाव होतं, फोटो होता, नवा क्रमांक होता. मतदानाच्या चिठ्ठ्याही आल्या, त्यात त्यांची होती. घेणारा नसेल तर चिठ्ठी परत करायची, असा नियम आहे. मी नियम पाळते. त्या दुपारी पाळला नाही. बंद दाराखालून ती आत सरकवली. अर्धी गेली, अर्धी बाहेर राहिली.

मी उठण्याआधी उरलेली अर्धी आत गेली.

वारा नव्हता. समोरच्या लिंबाचं पानही हलत नव्हतं. मी वाकून पाहिलं नाही. यादी काढली आणि त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘चिठ्ठी पोचली’.